एका युनिटचं आगर: ऊर्जा आणि कृषी खात्यांना खुलं पत्र

प्रति,
ऊर्जा विभाग आणि कृषी विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

दोन्ही खात्यांना मिळून एकच पत्र लिहितोय, कारण विहिरीवरचा पंप नक्की कोणाच्या अखत्यारीत येतो हे बावीस वर्षं हेच काम करूनही मला उमगलेलं नाही. तारेतली वीज ऊर्जा खात्याची. पाइप आणि ठिबक कृषी खात्याचं. मधला पंप जळला की तो माझा. दापोली तालुक्यात किनाऱ्यालगतच्या एका गावात माझं पंप दुरुस्तीचं आणि मोटर वाइंडिंगचं (जळलेल्या मोटरीत नवी तार गुंडाळायचं) दुकान आहे. घरचं तीस गुंठ्यांचं आगर आहे. चाळीस माड, अडीचशेच्या आसपास पोफळी, मधून मधून जायफळ आणि केळी. सकाळी शिपणं उरकायचं आणि दहा वाजता दुकानाचं शटर वर करायचं, असा दिवस.

एक गोष्ट आधीच कबूल करून टाकतो. मोटर जळली की माझ्या घरात पैसे येतात. मार्च ते मे हा माझा सीझन. या पत्रात मी मागणार आहे ते कमी वीज खाणारे, विहिरीच्या मापाचे पंप. त्यामुळे ते मिळाले तर माझाच धंदा थोडा बसेल. बायकोनेही तेच सुनावलं. पण विहीर माझीही आहे आणि तिचा तळ मला दिसतो.

गेल्या चैत्रातली गोष्ट. शेजारच्या काकूंचा निरोप आला, “पाणी येतंय रे, पण बिल बघून घाम फुटतो.” त्यांचं आगर घराला लागून, त्यामुळे पंप घरच्याच मीटरवर. आमच्याकडे असे पंप पुष्कळ. दोन एचपीचा मोनोब्लॉक, दोनदा रिवाइंड झालेला (एकदा माझ्याच हातून), विहिरीतल्या कट्ट्यावर बसवलेला, आणि तिथून दीड इंची पाइप पन्नास मीटर लांब, वाटेत पाच एल्बो. रोज तीन तास चालायचा. मी दुकानातून दोनशे लिटरचा ड्रम नेला, बुडाला एमसील लावलेला. पाइपाचं तोंड ड्रममध्ये धरलं आणि काकूंच्या नातवाला मोबाइलवर वेळ लावायला सांगितला. ड्रम भरायला बरोबर एक मिनिट लागलं. व्होल्टेज २०५, क्लॅम्प मीटरवर करंट दहा अँपिअर. म्हणजे मोटर जवळजवळ दोन हजार वॅट खात होती.

आता हिशेब बघा, शाळेतलाच आहे. विहिरीतल्या पाण्यापासून पाइपाच्या तोंडापर्यंत उंची नऊ मीटर. सेकंदाला सव्वातीन लिटर पाणी नऊ मीटर चढवायला खरं काम लागतं तीनशे वॅटच्या आतबाहेर. मोटर खात होती दोन हजार. सातातला एक भाग पाण्याला मिळाला. उरलेले सहा कुठे गेले? थोडे जळक्या वाइंडिंगमध्ये, थोडे झिजलेल्या इम्पेलरमध्ये (पंपातल्या फिरत्या चाकात), आणि मोठा वाटा त्या दीड इंची पाइपाने खाल्ला. पाइपातल्या घर्षणाचा नियम असा, की तेवढंच पाणी न्यायचं तर व्यास वाढेल तसं घर्षण त्याच्या पाचव्या घाताने उतरतं. दीड इंचीच्या जागी दोन इंची घातला तर घर्षण चौथ्या हिश्श्यावर येतं. अडीच इंची घातला तर बाराव्या हिश्श्याच्याही खाली.

काकूंच्या मुलाने मुंबईहून पैसे धाडले. जुना पंप काढला आणि एक एचपीचा, कमी हेडला (हेड म्हणजे पाणी चढवायची उंची) जास्त पाणी देणारा पंप बसवला. पाइप अडीच इंची, एल्बोंच्या जागी मोठ्या वळणाचे बेंड, फूट व्हॉल्व्ह (पाइपाच्या बुडाची झडप) नवा. पुन्हा तोच ड्रम, तोच नातू. बावन्न सेकंद. करंट साडेपाच अँपिअर. निम्म्या एचपीने पाणी आधीपेक्षा जास्त दिलं आणि एका ड्रममागे वीज निम्म्याहून कमी खाल्ली. काकूंना ते पटेना. त्यांनी ड्रममध्ये हात घालून पाणी पुरतं वरपर्यंत आलंय ना ते पाहिलं.

या कामात सरकारची एका रुपयाची मदत नव्हती. कुठल्या योजनेत बसतच नव्हतं. पंपाचा अर्ज वेगळा, पाइपाचा वेगळा, ठिबकचा वेगळा. जुना पंप चालू आहे, तो बदलून चांगला बसवायचाय, असं सांगायला अर्जात रकाना नाही. घरच्या मीटरवरचा पंप म्हणजे तर शेतीच नव्हे.

तुमची बाजूही मला ठाऊक आहे. राज्यात कृषीपंपाचे ग्राहक एकूण ग्राहकांच्या १६ टक्के आणि ते वीज वापरतात सुमारे ३० टक्के, हे मोफत वीज योजनेच्या वेळी तुम्हीच सांगितलंत. एप्रिल २०२४ ते मार्च २०२९ अशी पाच वर्षं साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांचं बिल सरकार भरणार आहे. सुमारे ४४ लाख शेतकरी, वर्षाला १४,७६० कोटी रुपये. मी भागाकार करून पाहिला. माणशी वर्षाला साडेतेहेतीस हजार पडतात. देशावरच्या शेतकऱ्याला ते मिळू नयेत असं मी म्हणणार नाही. त्याचं पाणी दोनशे-तीनशे फुटांवर गेलंय. पण या हिशेबातली एक गोष्ट मेकॅनिक म्हणून बोचते. बिल येत नाही म्हटल्यावर पंपाकडे कोण बघणार? गळका फूट व्हॉल्व्ह, झिजलेला बुश, जळकी मोटर, सगळं माफ. मोफत विजेचा एका वर्षाचा वाटा एकदाच हातात दिलात तर माझ्या दुकानात तेवढ्यात चांगला पंप, पाइप, फूट व्हॉल्व्ह बसून वर चहापाणी होईल, आणि पुढची दहा वर्षं सरकारचं बिल निम्मं होईल.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. ऊर्जा बचतीचं काम बघणाऱ्या केंद्राच्या ब्यूरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीने शेतीचे जुने पंप बदलून चांगले बसवण्याचा देशातला पहिला प्रयोग आपल्याच राज्यात, सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढा भागात केला होता. पुढे २०१६मध्ये केंद्राने आंध्रात याच धर्तीवर कार्यक्रम सुरू केला, पंचतारांकित पंप शेतकऱ्याला फुकट आणि खर्च वाचलेल्या विजेतून वसूल. कल्पना चांगलीच होती. पण पंपावरचे तारे कारखान्यातल्या चाचणीचे असतात, ठरावीक हेडला आणि ठरावीक प्रवाहाला. तीस मीटर हेडचा पाच ताऱ्यांचा पंप माझ्या नऊ मीटरच्या विहिरीवर बसवला तर तारे स्टिकरवरच राहतात. दुकानदार विचारतो, “किती एचपीचा देऊ?” किती हेड आहे हे अजून मला एकाही गिऱ्हाइकाकडून ऐकायला मिळालेलं नाही, आणि तुमच्या अर्जातही तो प्रश्न एकराच्या मागे उभा असतो.

आता मूळ तक्रारीकडे येतो. ‘मागेल त्याला सौर कृषीपंप’ ही योजना कागदावर उदार आहे. शेतकऱ्याने १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के, बाकी केंद्र आणि राज्य. पण पंप किती मोठा मिळणार ते ठरतं जमिनीवरून. अडीच एकरांपर्यंत ३ एचपी, पाच एकरांपर्यंत ५, त्यापुढे साडेसात. सगळ्यात लहान पंप तीनचा. हे मोजमाप ज्यांनी ठरवलं त्यांच्या डोळ्यांपुढे ऊस होता, कापूस होता, कांदा होता. माझं आगर नव्हतं.

माझ्या आगराला उन्हाळ्यात लागतं किती? माडाला दिवसाला चाळीस लिटर धरा, पोफळीला पंधरा. सगळं मिळून साडेपाच हजार, चला, सहा हजार लिटर. विहिरीची उंची नऊ मीटर, ठिबकला दाब लागतो एक किलोचा म्हणजे आणखी दहा मीटर, थोडं घर्षण. एकवीस मीटर धरू. एका युनिट विजेत, काही वाया गेलं नाही तर, ३६ हजार सातशे लिटर पाणी दहा मीटर चढतं. पंपाची आणि मोटरची मिळून कार्यक्षमता चाळीस टक्के धरली, तरी माझं अख्खं आगर दिवसाला एका युनिटच्या आत शिपून होतं. तीन एचपीच्या सौर पंपाबरोबर येतं तीन किलोवॅटचं पॅनेल. एप्रिलच्या उन्हात ते दिवसाला बारा युनिट देईल. अकरा युनिटांचं मी करू काय? आणि चुकून ती सगळी पाण्यावर खर्च केली तर? तेवढ्या विजेत माझ्या विहिरीतून दिवसाला सत्तर-ऐंशी हजार लिटर पाणी वर येईल. विहिरीत ते असलं तर.

ते नसतं. असलं तरी काढायचं नसतं, ही गोष्ट जरा सावकाश सांगायला हवी.

आमच्या विहिरी किनाऱ्यावरच्या पुळणीत. त्यातलं गोडं पाणी म्हणजे पावसाचं पाणी वाळूत मुरून खाऱ्या पाण्यावर तरंगत राहिलेलं असतं. गोडं हलकं, खारं जड. याचं गणित शंभर वर्षांपूर्वीपासून माहीत आहे. समुद्राच्या पातळीच्या वर गोड्या पाण्याची एक फूट चढण असेल तर तिच्या खाली साधारण चाळीस फूट गोडं पाणी असतं. उलट बाजूने वाचा. उपसून उपसून पातळी एक फूट खाली आणलीत, तर खालचं खारं पाणी चाळीस फूट वर सरकायला मोकळं. मोठ्या पंपाने एका दमात पाणी ओढलं की विहिरीच्या बरोबर खाली खाऱ्याचा शंकूच वर चढतो. दुसऱ्या दिवशी पाणी जिभेला कळतं. महिन्याभरात पोफळीच्या झावळ्यांची टोकं करपतात. आमच्या पलीकडच्या आळीत दोन विहिरी अशा गेल्या. त्यांच्यावर पंप होते पाच एचपीचे, दोन्ही हौसेने घेतलेले. आता त्या पाण्यावर फक्त माड उभे आहेत, कारण माड थोडं खारं सोसतो. जायफळं मेली.

आमच्या आज्यांच्या वेळी रहाट होता. एक बैल, डोळ्यांना झापड, लोट्यांची माळ, पन्हळ, पुढे डोण, डोणीतून पाट. बैलाचं बळ ते किती, अर्ध्या एचपीच्या आसपास. सकाळी चार तास फिरायचा. तेवढ्या वेळात विहिरीचे झरे काढलेलं पाणी भरून द्यायचे, म्हणून रहाटावरच्या विहिरी खाऱ्या झाल्याचं म्हाताऱ्यांच्या तोंडून मी ऐकलेलं नाही. रहाट परत आणा असं मी म्हणत नाही. बैल कोण सांभाळणार, आणि त्याच्या मागे फिरणारा गडी कुठून आणणार? पण अर्धा किंवा एक एचपीचा पंप, सातशे-आठशे वॅटचं पॅनेल, सकाळी नऊ ते तीन हळूहळू चालणारा, हा त्या रहाटाचाच नातू आहे. केंद्राच्या कुसुम योजनेत साडेसात एचपीपर्यंतच्या सौर पंपांना मदत आहे. ‘पर्यंत’ या शब्दात एक एचपीसुद्धा येतो. राज्याच्या यादीत तो आणायला कुठला कायदा बदलावा लागणार आहे?

हे झालं खालच्या आगराचं. वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, गोष्ट उलटी आहे. १९९०मध्ये रोजगार हमीतून फळबागेची योजना आली आणि आमचे कातळ-सडे आंब्या-काजूने हिरवे झाले. कलम लावल्यापासून तीन-चार उन्हाळे त्याला पाणी द्यावंच लागतं. ते पाणी बायकांनी डोक्यावर वाहिलं. अजून वाहतात. पाणी खाली पऱ्यात (ओढ्यात) किंवा वाडीच्या विहिरीत आणि कलमं ऐंशी मीटर वर. लोक घाबरून म्हणतात, एवढ्या उंचीला साडेसातचाच पंप लागणार. कशाला? दोनशे कलमांना रोज पंधरा लिटर म्हणजे तीन हजार लिटर पाणी. ऐंशी मीटर चढवायला, गळती-घर्षण सगळं धरून, दोन युनिट. एक एचपीचा मल्टिस्टेज पंप दोन-अडीच तासांत ते वरच्या टाकीत टाकतो आणि टाकीतून उताराने आळ्यात. पाणी थोडं आणि उंची फार, असा हा हिशेब आहे. देशावरच्या विहिरीचा ‘एकराला इतके एचपी’ हा कोष्टक आमच्या खालीही लागू पडत नाही आणि वरही.

बाकी काही ठिकाणी पंपच नको. सह्याद्रीच्या पायथ्याच्या कितीतरी वाड्यांत पऱ्या आगराच्या वर असतो. काळा एचडीपीई पाइप टाकला की पाणी आपल्या पायांनी येतं. झऱ्याला चांगला उतार असेल तर हायड्रॉलिक रॅम नावाचं यंत्र वाहत्या पाण्याच्याच धक्क्याने त्यातलं थोडं पाणी वर फेकतं. वीज नाही, डिझेल नाही. फ्रान्समध्ये १७९६ साली निघालेली युक्ती आहे, आणि अजून खटखट वाजत चालते. कोकण कृषी विद्यापीठाने कोकण विजय बंधारा शोधला तो असाच, जागच्या दगडांचा आणि प्लास्टिकच्या कागदाचा. विद्यापीठ माझ्या तालुक्यातच आहे. ऊर्जा खात्याच्या योजनेत विजेविना पाणी देणाऱ्या पाइपाला पैसे मिळतील का, हा प्रश्न मी एका कार्यालयात विचारला होता. समोरचे साहेब हसले. मलाही हसू आलं. पण न लागलेला युनिट हा सगळ्यात स्वस्त युनिट आहे, हे तुम्हीच जाहिरातीत सांगता ना?

सातबाऱ्याचा विषय तुम्हाला नवा नाही, म्हणून थोडक्यात. योजनेला एकट्याच्या नावाची जमीन हवी, नाहीतर बाकी हिस्सेदारांची मुद्रांकावर ना हरकत. आमच्या सातबाऱ्यावर सव्वीस नावं आहेत. पाच जण वारले, त्यांचे वारस लागलेले नाहीत. नऊ जण बोरिवली ते विरारच्या पट्ट्यात, एक मस्कतला. चुलतभाऊ सगळे चांगले आहेत, गणपतीत भेटतात, सही द्यायला नाही म्हणत नाहीत. पण सव्वीस सह्या गोळा करता करता आंब्याचा दुसरा मोहोर येतो. ई-पीक पाहणीत गेली काही वर्षं जो माणूस स्वतःचा फोटो काढून पीक नोंदवतोय, तो कसतोय हे सरकारला ठाऊक आहे. एका एचपीच्या पंपासाठी तेवढा पुरावा पुरे धरा. जमीन विकायला निघालेलो नाही, पाणी काढायचंय.

आता सौर पंप मिळालेल्यांचं ऐका. आमच्या पंचक्रोशीत थोडेच आहेत. पाच वर्षं दुरुस्ती कंपनीकडे आणि विमाही, ही अट उत्तम आहे. पण एका गिऱ्हाइकाचा कंट्रोलर गेल्या फाल्गुनात बंद पडला. कंपनीचं नाव घेत नाही. ऑनलाइन तक्रार केली, नंबर मिळाला, माणूस आला बेचाळिसाव्या दिवशी. तोवर केळी वाळली. मी उघडून पाहिला असता तर वॉरंटी गेली असती, म्हणून स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवून रोज त्यांच्या शिव्या ऐकल्या. शेवटी निघालं काय? खाऱ्या हवेने एका कनेक्टरला हिरवा गंज चढला होता. दहा मिनिटांचं काम. समुद्रापासून पाचशे मीटरवर आणि लातूरला एकाच खोक्यात एकच कंट्रोलर चालत नाही, हे टेंडर काढणाऱ्याला कोणी सांगत नाही का? स्ट्रक्चरचं गॅल्वनायझिंग जाड हवं, नटबोल्ट स्टेनलेसचे हवेत, खोका घट्ट बंद हवा. माकडांचं काय करायचं ते मलाही सुचलेलं नाही. पॅनेलवर बसून ती शहाळं फोडतात.

आणि वारा. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने आत शिरलं आणि केळशी-आंजर्ल्यापर्यंतची आगरं आडवी करून गेलं. कितीतरी दिवस वीज नव्हती. त्यानंतर नव्याने लावलेल्या पोफळी आता कुठे धरू लागल्यात. त्या उन्हाळ्यांत ज्यांच्याकडे छोटा पंप आणि टाकी होती त्यांची रोपं जगली. वादळानंतर नुकसानभरपाई मिळाली ती पडलेल्या झाडांची, ती मिळालीच पाहिजे होती. पण नव्या रोपाला पाणी कशाने द्यायचं, हा प्रश्न कुठल्याच पंचनाम्यात नव्हता.

राहता राहिली वाइंडिंगची गोष्ट. ही आमच्या धंद्यातली उणीदुणी आहेत, तरी सांगतो. मोटर जळली की जुनी तांब्याची तार काढायला सोपं व्हावं म्हणून बरेच जण स्टेटर (मोटरचा न फिरणारा, तार गुंडाळलेला भाग) सरळ आगीत घालतात. तार सुटते, पण आतल्या पत्र्यांवरचं इन्सुलेशनही जळतं. मग मोटर चालते, पण गरम होते आणि जन्मभर जास्त वीज खाते. मीही पहिली पाच-सहा वर्षं हेच केलं, काकूंच्या मोटरीचं पहिलं वाइंडिंग त्याच काळातलं. कोणी शिकवलं नव्हतं. नंतर एका कारखान्यातून निवृत्त झालेल्या मिस्त्रींनी दाखवलं तेव्हा डोळे उघडले. तालुक्याला एखाद्या आयटीआयमध्ये आठवड्याचा वर्ग घ्या. रिवाइंड झालेली मोटर तपासायला एक साधा टेस्ट बेंच ठेवा. पंपाचं डिस्चार्ज, हेड, वॅट तिथल्या तिथे मोजून कागद हातात द्या. कोट्यवधींच्या योजनेत हा खर्च चहाच्या कपाएवढाही नाही. आणि त्या पाच वर्षांच्या दुरुस्तीत आम्हा गावच्या मेकॅनिकांना घ्या, शिक्का देऊन, प्रशिक्षण देऊन. बेचाळीस दिवसांचं काम बेचाळीस मिनिटांत होईल.

अनुदानाचं म्हणाल तर माझं मागणं असं आहे. पंप बसवल्यावर ड्रम लावा. सेकंद मोजा, वॅट मोजा. किती वॅटमध्ये किती पाणी किती उंचीला गेलं, त्या आकड्यावर पैसे द्या. एचपीवर देऊ नका, एकरावर देऊ नका. पाइप आणि फूट व्हॉल्व्ह त्याच अर्जात घ्या, कारण त्यांच्याविना पंपाला अर्थ नाही. चालू असलेला जुना पंप जमा केला तर नव्यावर जास्त द्या, मग तो शेतीच्या मीटरवर असो की घरच्या. जुना पंप फोडून भंगारात जाईल हे मात्र बघा, नाहीतर तोच रंग मारून माझ्याच दुकानात परत येईल. एवढं मी आतल्या गोटातला माणूस म्हणून सांगतो.

या पत्राला उत्तर म्हणून ‘आपला अर्ज संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आला आहे’ असं पत्र येईल, याची कल्पना आहे. ते आलं तरी चालेल. पण त्याबरोबर एखादा कनिष्ठ अभियंता आणि एखादा कृषी सहायक, दोघांना एकाच गाडीतून पाठवा. होळी ते अक्षय्य तृतीया या दिवसांत पाठवा. पावसाळ्यात आमच्या विहिरी बघून कोणालाच काही कळत नाही, हाताने तांब्या बुडवावा इतकं पाणी असतं. काकूंची विहीर दाखवतो, खारी झालेलीही दाखवतो, वर सड्यावर नेतो. क्लॅम्प मीटर माझ्याकडे आहे. जमलं तर येताना दोनशे लिटरचा एक धड ड्रम तेवढा आणा. माझ्या ड्रमचं एमसील परवा सुटलं.

आपला,
एक आगरवाला आणि पंप मेकॅनिक
ता. दापोली, जि. रत्नागिरी